चाकांची खोली

घोड्याच्या पाठीवरी माझा संसार डुलतो
माळाच्या गं वाटंवरी बाळ पायानं चालतो

सिद्धूनं ही ओवी ऐकली तेव्हा तो घोड्याच्या पोटाखालून उभ्यानं जाईल एवढाच होता. कुंभार्लीचा घाट उतरताना पुढं मेंढरं, मध्ये ओझ्याची घोडी आणि सगळ्यांच्या मागं त्याची आई, रंगुबाई. पोर दमलं की तिच्या गळ्यातून ओवी निघायची, आणि त्या आवाजाचं बोट धरून पोर आणखी एक वळण उतरायचं. पुढं लढाईत, परमुलखात लष्कराची लॉरी हाकताना, हाच आवाज इंजिनाच्या घरघरीखालून वर यायचा. तेवढ्यावर त्यानं ती वर्षं काढली.

लढाई संपून तो घरी आला, तर आई चालायची थांबलेली. भिवघाटाखालची त्यांची वाडी दरसाल दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाची वाट धरी. पण सिद्धू लढाईवर गेला त्या सालापासून रंगुबाई मागंच राहिली होती. गुडघे गेले, एवढंच ती म्हणाली. वय झालेल्या बाईला कोण काय विचारणार? मेंढरं दिसेनाशी झाली तरी ती माळाकडं तोंड करून उभी राहायची, असं थोरल्या भावानं, धुळानं, सांगितलं.

तसा सिद्धूच्याही जिवाला थारा नव्हताच. भाकरी अर्धी टाकून उठायचा. कोणी हाक मारली की दचकायचा. अशात मिरजेला लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं, आणि त्यात त्याला मोटारीमागं जोडून ओढायची, दोन चाकांची एक बुटकी मागगाडी दिसली. त्याला एकदम सुचलं. आईला चालवत नसेल, तर तिला बसवून न्यायचं.

महिनाभर तो त्या गाडीवर ठोकाठोक करत होता. फळ्यांच्या भिंती, पत्र्याचं छत, आत बाज, चुलीला कोपरा, कोकरांना मागं खुराडं. वाडीनं तिचं नाव पाडलं, चाकांची खोली. म्हातारीची वरात काढणार का, म्हणून कोणी विचारलं. सिद्धूही हसला. पण दिवाळी सरली, मेंढरं निघायला चार दिवस उरले, आणि खोली ओढायला काही मिळेना.

बैल परतताना कुंभार्लीच्या चढाला दम टाकतील, हे धुळानंच सांगितलं. म्हणून सिद्धू मिरजेच्या केरबा मिस्त्रीकडं गेला. केरबानं आधी कोळशाच्या गॅसवर चालणारी जुनी मोटार जोडून बघितली. ती सपाटीला नवरीसारखी चालली आणि रेल्वेपुलाच्या चढाला खोकत उभी राहिली. मग लॉरी आणली. तिच्यात ताकद मायंदाळ, पण मागगाडी अडकवायचा तिचा आकडा इतका उंच की खोली मागं कलली आणि चुलीवरचं पातेलं दारातून बाहेर आलं.

"मर्दा, नुसती ताकद काय बघतोस?" केरबा म्हणाला. "आकडा आकड्याला मिळाला पायजे, चढाला खालचा गिअर पायजे, आन् उताराला ही बया मागनं ढकलाय लागली तर तिला आवरनारा ब्रेक पायजे. जीपगाडी बघ तू."

जीप होती तासगावला, सिद्धूच्या जुन्या सुभेदारांकडं, लालासाहेबांकडं. त्यांनी एका दिवसापुरती दिली. भिवघाट चढून दाखव, मग कोकणात ने, असं बजावून दिली.

सकाळी सिद्धूनं इंजिनाचं पाणी बघितलं, टायर बघितले, पुन्हा पाणी बघितलं. तोवर धुळानं खोली भरली. आयुष्यभर घोडी लादलेला माणूस तो. घोड्याच्या मानेवर भार येऊ द्यायचा नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक. जीपची मान दुखू नये म्हणून त्यानं जातं, धान्याची पोती, पाण्याचा हंडा, सगळं पार मागच्या टोकाला रचलं. वर तीन कोकरं. रंगुबाईला दोघांनी हातांवर उचलून बाजेवर बसवलं. ती दाराची चौकट घट्ट धरून बसली.

सपाटीला सगळं ठीक होतं. घाट लागला तशी टोकाच्या ओझ्यानं खोली मागं बसली आणि आकड्यानं जीपची शेपटी वर उचलली. मागची चाकं मुरमावर नुसती फिरू लागली. धूळ उठली. सिद्धूनं गिअर बदलायला घेतला तेवढ्यात इंजिन बंद पडलं. ब्रेक दाबला, तरी जीप आणि खोली, दोन्ही इंच इंच मागं सरकायला लागली. डाव्या बाजूला दरी. धुळा मागून चालत होता, तो जागच्या जागी खिळला. सिद्धूचा पाय ब्रेकवर, उचलला तर सगळंच गेलं. आई आत. जिला उठवतही नाही ती आई.

मग गाडी थांबली.

त्यानं मान वळवून बघितलं. रंगुबाई खोलीच्या चाकामागं उकिडवी बसली होती आणि दगड सारत होती. तो पक्का बसल्यावर ती उठली, लुगडं वर खोचलं आणि उतारावर पळत जाऊन दुसरा दगड उचलून आणला. पोरीसारखी पळाली. तो दुसऱ्या चाकाला लावून मगच तिनं हात झटकले.

सिद्धू खाली उतरला. धुळा मागं आपण काय चुकलो ते बघत पोती चाचपत राहिला. कोकरं ओरडत होती.

"आये," सिद्धू म्हणाला, "गुडघं?"

रंगुबाईनं खाली बघितलं. बराच वेळ ती पदरानं हाताची माती पुसत राहिली. माती केव्हाच गेली होती.

"कवाच दुखलं न्हाईत रं," ती म्हणाली. "तू लढाईवर, आन् आमी रानोमाळ. तू अवचित आलास आन् दाराला कडी बघितलीस तर? म्हनून बसले घरात. चालवत न्हाई म्हटलं की कुनी फुडं इचारत न्हाई."

"आन् मी आल्यावर? ही खोली बांधताना रोज बघत हुतीस की."

"तू आलास, पर तुझा जीव आला न्हवता. रातभर अंगनात फेऱ्या घालायचास. मी पडल्या पडल्या पावलं ऐकायची." ती मग त्याच्याकडं बघूनच बोलली. "ह्या खोलीला खिळं ठोकाय लागलास, तवा पयल्यांदा तुला झोप लागली. मग मी कसं सांगू लेका, मला चालता येतंय म्हनून?"