तीन की पाच?

कीपरचं पत्र आलं तेव्हा फुटबॉलचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. आता तो संपत आला, तरी ग्रंथपालांनी उत्तर म्हणून धाडलं नव्हतं. कीपर म्हणजे त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तरुणपणी गोलमध्ये उभा राहायचा, म्हणून घरात सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. दोघांनी वर्षानुवर्षं गोलमागच्या स्वस्त बाकांवर शेजारी बसून सामने पाहिले होते. मग कीपर मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला, आणि त्यानंतर ग्रंथपालांची बायको गेली.

पत्राचं अक्षर मुलीचं होतं, बोलणं मात्र त्याचंच. "भाऊजी, माझी नजर फार अधू झाली. टीव्हीवर नुसते ठिपके पळताना दिसतात. रेडिओवर एक जण म्हणतो आपला संघ मागे तीन बचावपटू खेळवतो, दुसरा म्हणतो पाच. तुम्ही दर सामन्याला जाता. तीन की पाच, तेवढं कळवा. ताई गेली म्हणून आपलं बोलणं थांबायला नको."

एवढासा प्रश्न. पण ग्रंथपालांचा स्वभाव असा, की कुणी वेळ विचारली तरी आधी आपलं घड्याळ बरोबर आहे का हे बघणार. नोकरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांनी वाचनालयात जाऊन डावपेचांवरची पुस्तकं धुंडाळली, आकृत्या काढल्या, कितीदा तरी कागद पुढे ओढला आणि पुन्हा दूर सारला. उद्या चुकीचं निघालं तर? फोन करावा, तर दोघांचीही गाडी "बरं आहे ना?" "बरं आहे" याच्या पुढे कधी गेलेली नाही. शिवाय उशीर जसजसा वाढला तसतसं उत्तरही भारदस्त असायला हवं असं वाटू लागलं. एवढ्या उशिरा पाठवायचं ते निदान बरोबर तरी असावं! अशाने तिकडे कीपर काय समजून बसला असेल, हा विचार आला की मात्र त्यांना जेवण गोड लागत नसे.

संघ पुन्हा हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल केस कापायला गेले. केस तसे वाढले नव्हते. पण हरल्यावर सलूनमध्ये जी चर्चा झडायची ती ऐकायला त्यांना आवडायचं. तिथे एक रीतच पडली होती. सलूनवाला आरशासमोरच्या पांढऱ्या फळीवर आपला संघ मांडायचा. पावडरचा डबा गोलकीपर, लोशनच्या बाटल्या बचावपटू, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली कप्तान. कुणाला काही बदल सुचला तर त्याने बसल्या जागेवरून सांगायचं. बाटलीला हात लावायचा हक्क एकट्या सलूनवाल्याचा.

त्याने ग्रंथपालांच्या गळ्याशी कापड बांधलं, चष्मा काढून बाजूला ठेवला, दोनदा कात्री चालवली आणि थांबला. कारण मागच्या बाकावरून बस ड्रायव्हरने तोंड उघडलं होतं.

"तीनच लावतोय तो कोच. घराला तीन भिंती बांधायच्या आणि वर विचारायचं, चोर शिरला कुठून?"

"तीन कुठे? हे बघ." सलूनवाल्याने कात्रीनेच दाखवलं. "हे मधले तीन. कडेचे दोघे मागे आले की झाले पाच. मोज."

"आले की! तुझा तो डावा म्हणजे माझ्या बसमधला पॅसेंजर आहे. दारातच उभा. आत सरका, आत सरका म्हणून घसा बसला तरी हलत नाही."

"अरे, त्याने दार सोडलं तर बाहेरचा माणूस मोकळा सुटेल, त्याचं काय?"

"सुटू दे की. कडेला उभं राहून कुणी गोल मारतं का?"

"तू बस चालव."

"तू आधी काकांचे केस काप. एक बाजू तशीच राहिलीय. तिथेही बचावाला माणूस कमी पडला का?"

ग्रंथपाल एरवी इथे हसण्यापलीकडे काही करत नसत. आत्ता ते हसलेही नाहीत. ते समोर टक लावून बघत होते. चष्म्याविना बाटल्या एकमेकींत विरघळून गेल्या होत्या. तीनही दिसत नव्हत्या आणि पाचही. दिसत होता तो बाटल्यांच्या मधून डोकावणाऱ्या पांढऱ्या फळीचा उजळ पट्टा. त्यांच्या मनात आलं, कीपरला असंच दिसत असेल.

"चेंडू उजवीकडे गेला की हे कसे उभे राहतात?" प्रश्न विचारून झाल्यावरच त्यांना कळलं की आपण बोललो. आरशातले चेहरे धूसर होते, त्यामुळे असेल, पण जीभ अडखळली नाही.

सलूनवाल्याने मधल्या बाटल्या उजवीकडे सरकवल्या. "असे. डावा इथेच."

पांढरा पट्टा एकदम रुंद झाला.

"मला बाटल्या दिसत नाहीत," ग्रंथपाल म्हणाले, "पण ही फट दिसते."

"काका बोलले!" ड्रायव्हर उठूनच उभा राहिला. "आणि माझ्या बाजूने बोलले!"

"चष्मा नाही म्हणून तुझ्या बाजूने बोलले," सलूनवाला म्हणाला. पण हातातली कात्री तशीच धरून तो वाकून त्या फटीकडे बघत राहिला.

पुढच्या सामन्याला गोलमागच्या बाकावर बसल्यावर ग्रंथपालांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पलीकडच्या बाकावर बसलेल्या ड्रायव्हरने सलूनवाल्याला कोपर मारलं. ग्रंथपालांनी तिकडे लक्ष दिलं नाही. आपल्या खेळाडूंचे लाल सदरे ओघळलेल्या शाईसारखे पसरले होते, आणि त्यांच्यामधून हिरवळ दिसत होती. चेंडू उजवीकडे गेला. तांबडा रंग तिकडे वाहत गेला, एकटा डावीकडचा डाग तेवढा जागच्या जागी. मध्ये हिरवं मैदान लख्ख उघडं पडलं. पुन्हा तसंच, आणखी एकदा तसंच. ग्रंथपाल बाकाच्या कडेवर सरकले. आता तिथूनच घुसणार, आता तिथूनच!

गोल झाला तो उजवीकडून, एका साध्या कॉर्नरवर.

"काका, तुमची फट डावीकडे, आणि गोल उजवीकडून!" ड्रायव्हर ओरडला. आजूबाजूचे सगळे हसले.

एरवी अशा वेळी त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं असतं. कान तापलेही. पण मनात दुसरीच चक्रं फिरत होती. एवढी उघडी वाट समोरच्या संघाला दिसली कशी नाही? की दिसली, पण तिथे पोचणारा गडी नव्हता? की आपला गोलकीपर ओरडून ती वेळेवर बुजवत होता? गोलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला ती कशी दिसत असेल? विचारायला म्हणून ते नकळत शेजारी वळले. शेजारची जागा रिकामी होती.

घरी आल्याआल्या त्यांनी जाड पेन शोधलं आणि मोठमोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं.

"प्रिय कीपर, फार उशीर केला. तीन की पाच, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही. चेंडू जाईल तसा आकडा बदलतो. पण चष्मा काढला की मधली फट स्वच्छ दिसते. ती बघायला चांगली नजर लागत नाही, तुझीही चालेल. आजचा गोल मात्र तिथून झाला नाही, तेव्हा माझं चुकतही असेल. गोलमध्ये असताना तुला ती फट कशी दिसायची? हंगामातला शेवटचा सामना आपल्याच मैदानावर आहे. तुझी जागा रिकामी आहे. लेकीला इथे आणून सोडायला सांग. ये. भाऊजी."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी ते थबकले. 'स्वच्छ दिसते' लिहिलं, त्याऐवजी 'बहुधा दिसते' लिहायला हवं होतं का? पाकीट उघडून बघावं म्हणून त्यांनी खिसे चाचपले, तर चष्मा घरीच राहिला होता. पाकिटावरचा पत्ताही नीट वाचता येईना. समोर पेटीची काळी फट तेवढी दिसत होती. त्यांनी पाकीट तिच्यात सरकवलं आणि बोटांतून सोडून दिलं.