युरोच दाबायचं

शरच्चंद्र कीर्तिकरांना पैसे खर्च झाल्याचं दुःख कधी होत नसे. पैसे फुकट गेले की मात्र त्यांना अन्न गोड लागत नसे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण ठाकूरद्वारच्या त्यांच्या इमारतीत तो कुणाला कळत नव्हता आणि सगळे त्यांना सरसकट चिक्कू म्हणत. गोदीच्या हिशेब खात्यातून मानाने निवृत्त झालेल्या या गृहस्थाने तेही कधी मनावर घेतलं नाही.

त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई गिरगावातल्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. पोर्तुगालमध्ये घरांच्या भिंतींवर हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा असतात, त्या एकदा डोळे भरून पाहायच्या हे त्यांच्या मनात कधीपासून होतं. दोघांनी जायचं ठरलं, तिकिटं झाली, आणि नेमका शरच्चंद्रांचा हर्निया उपटला. ऑपरेशन नीट पार पडलं, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. मृणालिनीबाईंनी निमूटपणे बॅग परत माळ्यावर ठेवायला घेतली.

"तू जायचंस," शरच्चंद्र म्हणाले.

"तुम्हाला असं टाकून?"

"मग काय दोन्ही तिकिटांचे पैसे बुडवायचे? व्हिसाचे तर कुणी परत देतही नाही."

खरं म्हणजे त्यांना म्हणायचं होतं, तू इतकी वर्षं वाट पाहिलीस, आता माझ्यापायी अडून राहू नकोस. पण तोंडातून निघालं ते हे. उभ्या संसारात त्यांची माया अशीच हिशेबाची टोपी घालून बाहेर पडत आली होती, आणि बाईंनाही ती टोपीच तेवढी दिसत आली होती. शेवटी शाळेतली त्यांची मैत्रीण इरावती दिघे सोबतीला तयार झाली आणि मृणालिनीबाईंचं जाणं नक्की झालं.

मग शरच्चंद्रांनी कंबर कसली. परदेशात पैसे कसे द्यावेत याचा त्यांनी असा अभ्यास केला की तेवढ्यात एखादा परीक्षा पास झाला असता. विमानतळावर नोटा बदलायच्या नाहीत, तिथे भाव मारतात. आपलं नेहमीचं कार्ड वापरायचं नाही, दर वेळी टक्केवारी कापतात. त्याऐवजी आधीच युरो भरून ठेवलेलं कार्ड न्यायचं. एटीएमच्या वाटेला तर जायचंच नाही. पैसे काढले की इकडची बँक एक फी घेते आणि तिकडचं मशीन आणखी एक.

सगळ्यात मोठा सापळा दुकानातल्या मशीनचा. ते मशीन म्हणे गोड बोलून विचारतं, पैसे युरोत देता की तुमच्या रुपयांत? आपल्या माणसाला परक्या मुलखात रुपया दिसला की भरून येतं, तो पटकन रुपया दाबतो आणि वाटेल त्या भावाने कापला जातो.

याची जेवणाच्या टेबलावर तालीम झाली. शरच्चंद्र दुकानदार झाले आणि कॅल्क्युलेटर मशीन झाला.

"मॅडम, रुपये की युरो?"

"युरो."

"अहो, तुमचाच रुपया आहे मॅडम, दाबा की."

"युरोच दाबायचं," मृणालिनीबाई म्हणाल्या, "आणि दुकानदारसाहेब, आमटी गार होतेय."

बाईंचा भारतातला नंबर तिकडे बंद राहणार होता, तिथलं सिम घ्यायचं होतं, म्हणून कार्डाला शरच्चंद्रांचा नंबर जोडला गेला. बाईंनी तिकडे कार्ड लावलं की इकडे गिरगावात फोन टुंग करणार. काही गडबड झाली तर लगेच कळावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

बाई गेल्या आणि टुंग सुरू झालं. पहिला मेसेज आला तेव्हा शरच्चंद्र दाढी करत होते. तसेच साबणाच्या तोंडाने ते बाहेर धावले. लिस्बनच्या कुठल्याशा पाश्तेलारियात सव्वादोन युरो. त्यांनी शब्द शोधून काढला, म्हणजे बेकरी. मग नकाशात ती बेकरी शोधली, तिच्यासमोरचा चौक पाहिला, चौकातलं कारंजं पाहिलं. स्वयंपाकाला येणाऱ्या रमाबाईंना त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "बाई आत्ता कारंज्यापाशी बसून केक खातायत."

"त्यांनी फोन केला वाटतं?" रमाबाईंनी पोळी लाटता लाटता विचारलं.

"छे, बँकेने कळवलं."

हळूहळू त्यांना या टुंगचा नादच लागला. ट्राम झाली की ते ट्रामच्या रस्त्याने जात, संग्रहालय झालं की त्याच्या दालनांतून फिरून येत. ऑपरेशनची जखम ओढ घेत होती, जिना उतरायची बंदी होती, पण शरच्चंद्र अख्खं लिस्बन हिंडत होते आणि मजेत होते. फक्त हे सगळं त्यांनी बायकोला सांगितलं नाही. फोनवर ते इतकंच विचारत, "मशीनने रुपये विचारले का?" आणि त्या सांगत, "विचारले. मी युरोच दाबलं."

मग टुंग कमी होत गेलं. एक दिवस तर फक्त एकदाच वाजलं. शरच्चंद्रांना वाटलं, इरावती पैसे देत असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जरा आडवे झाले होते, तेवढ्यात मेसेज आला: फार्मासिया, साडेसहा युरो. हा शब्द शोधावा लागला नाही. औषधाचं दुकान! बाईंना तिकडे काय झालं, ताप आला की पडल्या? त्यांनी तडक फोन लावला.

पलीकडे मृणालिनीबाईंनी त्यांना तोंड उघडूच दिलं नाही. "अहो, ते साडेसहा युरो ना? सांगते. साध्या चिकटपट्ट्या आहेत, पण इथे हाच भाव आहे हो, दोन दुकानांत विचारलं. आणि मी युरोच दाबलं. इरावतीकडे सुटे असते तर कार्ड लावलंही नसतं."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं शरच्चंद्रांना झालं. त्यांना काय विचारायचं होतं आणि त्या कशाचं उत्तर देत होत्या!

"मृणाल," ते कसेबसे म्हणाले, "तुला काय झालंय?"

"मला? काही नाही. नव्या बुटांनी टाच सोलली."

"मग चालता येतंय का?"

"तुम्ही हे विचारायला फोन केलात?" बाईंनी जरा वेगळ्याच आवाजात विचारलं.

तेवढ्यात इरावतीबाईंनी फोन हिसकावून घेतला. "शरदराव, बरे सापडलात. उद्या इथे फरशी रंगवायचा वर्ग आहे. एक म्हातारे कारागीर शिकवतात. फी चाळीस युरो. मी माझं नाव घातलं, आणि जिला खरी हौस ती तुमची बायको म्हणते, मी बाहेर बाकावर बसेन! का, तर म्हणे घरी टुंग वाजतं. काल कॉफीसुद्धा प्यायली नाही. म्हणे, ह्यांना लगेच कळेल, दिवसातली दुसरी."

"दे गं तो फोन," मागून बाईंचा आवाज आला.

"मृणाल, त्या वर्गाचे पैसे भर," शरच्चंद्र म्हणाले.

"बघू," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

ते 'बघू' शरच्चंद्रांना चांगलंच ओळखीचं होतं. साडीच्या दुकानातून रिकाम्या हाताने निघताना बाई तेच म्हणायच्या. शरच्चंद्रांना स्वतःचा संताप आला. 'पैसे भर' म्हणजे तरी काय, साहेबाने अर्जावर सही केल्यासारखंच की! जिला तिकडे मोकळं हिंडायला पाठवलं, तिच्या मागे आपण गिरगावातून घंटा बांधून बसलो होतो. आपल्याला ती घंटा गोड वाटत होती, पण गळ्यात तर तिच्या होती. आता आणखी फोन करून 'खर्च कर, खर्च कर' म्हणावं, तर तोही हुकूमच झाला असता. शेवटी ते गप्प बसले, आणि गप्प बसणं त्यांना भलतंच जड गेलं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून फोन समोर ठेवून बसले. तिकडे वर्गाची वेळ झाली असावी. चाळीस युरोचा मेसेज काही आला नाही. रमाबाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"काका, आज बाई कुठे गेल्या?" त्यांनी विचारलं.

"बाकावर बसल्यात," शरच्चंद्र तुटकपणे म्हणाले.

आणि टुंग झालं. त्यांनी झडप घातली. दुकान नव्हतं, वर्ग नव्हता. एटीएम! दोनशे युरो रोख काढले. त्याखाली मशीनची फी, आणि लगेच दुसरा मेसेज, इकडच्या बँकेची फी. इतक्या दिवसांच्या अभ्यासाने जे काही वाचवलं होतं, ते बाईंनी एका बटणासरशी त्या मशीनच्या घशात घातलं होतं.

सवयीने शरच्चंद्रांच्या कपाळाला आठी पडायला लागली, आणि अर्ध्यातच विरली. रोख! म्हणजे आता टुंग नाही. बाई कॉफी पितील, वर्गात बसतील, आणखी काय काय घेतील, आणि गिरगावात कुणाला पत्ता लागणार नाही. अगदी नवऱ्यालासुद्धा. बायकोने विचार करून, फी मोजून, स्वतःची सुटका विकत घेतली होती. ते इतक्या मोठ्याने हसले की टाके ओढले गेले आणि रमाबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"काय झालं काका?"

"बाईंनी पैसे फुकट घालवले," शरच्चंद्र डोळे पुसत म्हणाले. "झकास घालवले!"

त्यानंतर दिवसभर फोन मुकाच राहिला. बाई आता कुठल्या रस्त्यावर असतील ते त्यांना कळेना. चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं, नाही असं नाही, पण त्यांनी नकाशा उघडला नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला बाईंचाच व्हिडिओ कॉल आला. नाकावर निळा रंग, कोपरापर्यंत निळा रंग, चष्म्याच्या काडीलाही निळा रंग. शरच्चंद्र बघतच राहिले. बाई मात्र थोड्या सावरून बसल्या होत्या. मेसेज पोचला असणार हे त्यांना ठाऊक होतं.

"काय काढलंस आज?" शरच्चंद्रांनी विचारलं.

बाईंचा चेहरा किंचित ताठ झाला. "पैसे म्हणताय, की चित्र?"

"चित्र गं," शरच्चंद्र म्हणाले, आणि खुर्ची ओढून नीट ऐकायला बसले.