साधू म्हणायला जीभ रेटेना

भांडणाला सुरुवात झाली ती रम्फाचं झाड मोठं निघालं म्हणून.

झाड म्हणजे पैशांचं. बांबूच्या काड्यांना नोटांची फुलं बांधायची आणि ढोल वाजवत, नाचत विहारात न्यायचं. लामपांग शहरातल्या बाजाराचं झाड रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाला जातं. ते उभं करायची बुप्फा, नारळाच्या मिठाईवाली. नवरा थोंगसुक त्याच आजारानं गेला, तेव्हापासून. घरोघर फिरणं, माणसं जमवणं, ध्वनिक्षेपकावर नावं पुकारणं, सगळं तिचंच.

यंदा नूडलवाली रम्फा आली, ती स्वतःचं वेगळं झाड घेऊनच.

"नूडल फुकट वाटले असतील. लोक काय, देणारच!" बुप्फा काड्या पुसत म्हणाली.

"फुकट नाही गं, वाटी जरा भरून देते," मासळीवाली हसली. "तूही मिठाईचा तुकडा मोठा काप की!"

"माझ्या मिठाईला लाच लागत नाही!"

हसण्यावारी गेलं. पण बुप्फाच्या पोटात दुखत होतं ते झाडामुळे नव्हे. कारण झाडाखाली होतं.

रम्फाचा नवरा विनाई. तोच आजार, तोच वॉर्ड. थोंगसुक गेला, मग नवं औषध आलं, आणि विनाई वाचला. आता बायकोचं झाड खांद्यावर घेऊन ढोलापुढे नाचत होता. ढेरी सुटलेली! बुप्फाला ती ढेरी बघवेना. थोंगसुकच्या तर शेवटी बरगड्या दिसायच्या.

तर, विहाराचं आवार. एकाचं दान पुकारलं की बाकीच्यांनी हात जोडून "साधू!", म्हणजे छान केलंत, असं म्हणायचं. म्हटलं की त्याच्या पुण्यात आपलाही वाटा. फुकटचं पुण्य! पण मनापासून म्हणावं लागतं, तिथंच तर गोम.

*मासळीवाल्या ताई, परिवारासह!*

साधू!

*रिक्षावाले मामा, आईच्या स्मरणार्थ!*

साधू!

*नूडलवाल्या रम्फाताई...*

समोर ती ढेरी, तो हसरा चेहरा. थोंगसुकसाठी म्हणून म्हणून तोंडात बसलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

*हे पुण्य परलोकी विनाई यांना पोचो!*

ढोल थांबला. जिवंत माणूस! मरणाच्या दारातून परतलेला! आणि त्याला भर सभेत परलोकी धाडला!

विनाईनंच तोंड उघडलं. "वहिनी, पत्ता चुकला! मी अजून इथंच राहतो."

दोघं-तिघं हसले. रम्फा नाही हसली. "ताई, जीभ घसरली, की मनातलं बोललात?"

बुप्फाला उत्तर माहीत होतं. अर्धी चूक जिभेची, अर्धी मनाची. ध्वनिक्षेपक खाली ठेवून ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. पाठोपाठ सासू आली.

"बोला, आई. काय बोलायचं ते बोला."

"एकच विचारते. विनाई गेला असता, तर थोंगसुक परत आला असता?"

"तुमचाच मुलगा ना तो! त्या माणसाला नाचताना बघून तुम्हाला काहीच होत नाही?"

"होतं की. जळतं आत. मी काय दगड आहे?" म्हातारी शेजारी टेकली. "पण पोरी, थोंगसुकनं अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. शीर सापडेना, सुया टोचून हात काळानिळा झाला. तरी म्हणाला, 'घ्या डॉक्टर, पुढच्याच्या उपयोगी पडेल.' आज तो पुढचा आला. चालत आला. आणि तू त्याला वर पाठवतेस!"

पुढचा!

बुप्फाला हुंदका आवरेना. उन्हातान्हात दारोदार हिंडलो ते कुणासाठी? याच माणसासाठी. तो बरा होऊन समोर उभा राहिला, आणि आपण त्याच्यावरच जळलो!

ती उठली आणि तिनं ध्वनिक्षेपक पुन्हा हाती घेतला.

*मंडळी, बुप्फा बोलतेय. मघाशी पुकारलं ते साफ चुकलं. मला माफ करा. विनाईभाऊ इथंच आहेत, इथंच राहोत. त्यांची ढेरी अशीच वाढत राहो!*

"ढेरी नको गं बाई!" रम्फा डोळे पुसत ओरडली. "डॉक्टर माझ्यावरच ओरडतात!"

*साधू!* बुप्फा म्हणाली. आधी एकटीच. मग सगळं आवार म्हणालं, आणि सगळ्यांत मोठा आवाज म्हाताऱ्या सासूचा होता.

बुप्फाचं जळणं त्या दिवशी संपलं का? नाही. असं एका दिवसात कुठलं संपतंय! पण दुसऱ्या दिवशी ती रम्फाच्या दुकानी जाऊन नूडल खाऊन आली, आणि पुढच्या खेपेला एकच झाड करायचं, हे दोघींनी तिथंच ठरवलं.

बंधुभगिनींनो, मनापासून साधू म्हणण्याच्या मानानं खिशात हात घालणं सोपं आहे. संशोधनाला दिलेलं दान आपल्या माणसाला वाचवीलच असं नाही. पुष्कळदा ते उशिरा पोचतं, आणि दुसऱ्याच कुणाचं तरी माणूस वाचवतं. त्या दुसऱ्याला आपलं म्हणता आलं, तरच आपण खरं दान केलं!