पाचव्या आकड्यातले ठोके

"दार लावून घेत जा. ओल लागली की यंत्र खोटे ठोके मोजतं. आणि त्या खोलीत काही वेगळं दिसलं, तर त्याच दिवशी मला सांगायचं."

यंत्र बसवलं तेव्हा यांनी बजावलं होतं. "सांगेन," मी देवापुढून म्हटलं होतं. ओल म्हणजे पावसाची, असं मी धरून चालले.

ठाकुर्लीच्या आमच्या घरात मागची खोली यंत्राची. आकाशातून येणारा मेसॉन नावाचा कण तांब्याच्या ठोकळ्यात थांबतो, जरा जगतो आणि फुटतो. जेवढा जगला, त्याप्रमाणे पाचांपैकी एक आकडा पुढे सरकतो. पाचवा दीर्घायुषी कणांचा. हे ठाण्याला कॉलेजात शिकवायला गेले की आकडे मी वहीत उतरवून घेई.

शेजारच्या आवडाबाईंनी एकदा विचारलं, "काय गं मोजता एवढं?"

"एका कणाचं आयुष्य."

"किती असतं?"

"सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दोन-सव्वादोन."

"अगंबाई! मग बारसं कधी उरकायचं?"

मी हसले. आमच्याकडे पाळणा हलला नव्हता, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. पुढे त्या फारशा आल्या नाहीत. दिवसभर सोबतीला यंत्राची टिकटिक.

श्रावणात सोवळ्याचं लुगडं वाळेना. ती खोली बंद, यंत्राने ऊबदार. कुणाचा स्पर्श व्हायचा नाही. रोज पिळून, काठीने तिथेच वलणीवर टाकू लागले.

त्याच महिन्यात पाचवा आकडा भराभर सरकू लागला. हे जेवताना स्वतःहून बोलू लागले. "अगं, परदेशात सव्वादोन आलंय, मला पावणेतीन येतंय! काहीतरी आहे यात." एकदा तर मलाच आग्रह करून पोळी वाढली.

आश्विनात ऊन पडलं, लुगडं अंगणात गेलं. आठ दिवसांत पाचवा आकडा पहिल्यासारखा मंदावला. मी वहीतल्या तारखा लावून पाहिल्या. ओलं लुगडं खोलीत होतं, तेवढेच दिवस तो धावला होता.

"नवे आकडे पाहिलेत का?" मी विचारलं.

"आता सोमवारी कॉलेजातल्या सभेत यावरचा निबंध वाचून झाल्यावर. तू आपली शुभ बोल!"

पाच दिवस मी गप्प राहिले. सांगितलं की जेवणातलं बोलणं संपणार. नाही सांगितलं तर चारचौघांत हे खोटा आकडा वाचणार.

आज सोमवार. निबंध चार वाजता. पूजा आटोपून घोटभर पाणी घेतलं, उपासच आहे. वही पदराखाली धरली, दाराला कडी घातली आणि ठाण्याला जायला स्टेशनची वाट धरली.