पाच पायांची अस्सल शेळी

दरपत्रक साहेबांना निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं आणि एवढ्या काळात त्यांना कोणी काहीही विकत आणायला सांगितलं नव्हतं. उभी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात गेलेली. नळाची तोटी असो की खुर्चीची उशी, तीन दुकानांची दरपत्रकं समोर आल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही, म्हणून तर खात्याने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. घरात मात्र त्यांची डाळ शिजत नसे. भाजी बायको आणायची, बाकी सगळं लेक फोनवरून मागवायची, आणि साहेब खिडकीपाशी बसून कोणाकडे कसलं पार्सल आलं एवढंच बघायचे.

त्यामुळे ठमी, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, जेव्हा म्हणाली, "बाबा, मला एक हुडी घ्यायचीय, तुमचं कार्ड देता का?" तेव्हा साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"कुठली हुडी? कशाला? आणि कोणाकडून?"

ठमी कॉलेजच्या नाचाच्या ग्रुपमध्ये होती. होती म्हणजे काय, ग्रुपच्या पाण्याच्या बाटल्या तिच्याकडे असायच्या. सगळे नाच तिला पाठ होते, पण स्टेजवर कोणी चढवलं नव्हतं. आता स्पर्धा आली होती, एक जागा रिकामी झाली होती, आणि ग्रुपच्या कॅप्टनने फर्मान काढलं होतं की सगळ्यांच्या अंगात एकच काळी हुडी हवी, छातीवर कंपनीची खूण म्हणून मागे वळून पाहणारी शेळी असलेली. हल्ली रस्त्यावर मिरवायला तीच लागते म्हणे. जिच्याकडे नसेल तिने खाली बसून टाळ्या वाजवायच्या. "आणि नकली घालून आलात तर याद राखा," कॅप्टन म्हणाली होती, "मला एका नजरेत कळतं." तिची स्वतःची हुडी तिच्या मावशीने परदेशातून आणलेली होती.

ठमीने खऱ्या हुडीची किंमत सांगितली तेव्हा कार्ड आणायला उठलेले साहेब पुन्हा बसले.

"एवढ्यात आम्ही पंप घेतला असता."

"म्हणून तर फर्स्ट कॉपी घ्यायची, बाबा. नकली, पण ओळखू येत नाही अशी. ऑनलाइन ढिगाने मिळतात. दुकान उघडायचं, बटण दाबायचं, झालं."

"आणि त्याने निकृष्ट नक्कल पाठवली तर?"

"नक्कल निकृष्टच असते."

"मुळीच नाही," साहेब म्हणाले. "नक्कल घ्यायची तर अस्सल घ्यायची."

आतून बायकोचा आवाज आला, "ठमे, तू कोणाला सांगायला गेलीस गं?" पण तोवर साहेबांनी कागदाला समास सोडला होता.

नमुना घरातच होता. कॅप्टनच्या हुडीची चेन अडकत होती आणि ती दुरुस्त करून आणायचं काम, अर्थातच, ठमीच्या गळ्यात पडलं होतं. साहेबांनी ती हुडी टेबलावर पसरली आणि डोळ्यात तेल घालून तपासली. बाहीची लांबी, टोपीची खोली, नाडीच्या टोकाचं पितळ, सगळं टिपलं. मग भिंग घेऊन शेळी पाहिली. शेळी मागे बघत होती, शेपटी वर होती, आणि पाय पाच होते. साहेबांनी पुन्हा मोजले. मागच्या दोन पायांच्या मधोमध आणखी एक पाय अंग चोरून उभा होता. भरतकाम इतकं बारीक की मुद्दाम मोजायला बसल्याशिवाय लक्षात येऊ नये. साहेब क्षणभर थांबले. पण फॅशनमध्ये पाय किती असावेत हे ठरवणारे आपण कोण, असा विचार करून त्यांनी लिहिलं, 'शेळीचे पाय : पाच. कमी-जास्त चालणार नाहीत.'

मग त्यांनी तीन ऑनलाइन दुकानं निवडली. कॉपी सम्राट, जुळी बहीण आणि आईशप्पथ. तिघांनाही त्यांनी अटींच्या यादीसह एकच पत्र पाठवलं, 'महोदय अथवा महोदया, आपल्याकडील नकली मालाच्या दर्जाबाबत खात्री पटवून द्यावी ही विनंती.' कॉपी सम्राटने उत्तरादाखल अंगठा पाठवला. जुळ्या बहिणीने विचारलं, "काका, तुम्ही पोलीस आहात का?" आईशप्पथवाल्याचं मात्र दिवसभर काहीच आलं नाही. संध्याकाळी त्याचा संदेश आला, "साहेब, मला आजवर कोणी महोदय म्हटलं नव्हतं. मी पूर्ण प्रयत्न करीन."

शंकानिरसनासाठी साहेबांनी तिघांना एकाच व्हिडिओ कॉलवर बोलावलं. स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बसले. बायकोला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं होतं. ती वाटाणे सोलत होती.

"पाच पाय?" कॉपी सम्राटने विचारलं. "बॉस, शेळीला?"

"नमुन्यात पाच आहेत."

"मग बकरी आजारी असेल," कॉपी सम्राट म्हणाला.

"मी करून देईन," जुळी बहीण म्हणाली. पडद्यावर तिच्यामागे शिलाई मशीन दिसत होतं आणि बोलता बोलता ती धागा तोडत होती. "पाच काय, सात सांगा. पण मागाहून तक्रार नको."

आईशप्पथवाला चाचरत म्हणाला, "साहेब, खऱ्या शेळीला..."

"बोला, बोला. शंका असेल तर आत्ताच विचारा."

"नाही, काही नाही."

"अहो, त्याला काहीतरी म्हणायचंय," बायको म्हणाली. पण साक्षीदाराला प्रश्न विचारायचा अधिकार नसतो, असं साहेबांनी तिला ऐकवलं आणि ती वाटाणे घेऊन आत निघून गेली. इकडे ठमीच्या नाकी नऊ आले होते. स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि बाबा शब्दाचा कीस काढत बसले होते.

माल शेवटी आला, स्पर्धेच्या आदल्या दिवशी. नापसंत माल परत करायच्या बोलीवर आला होता. साहेबांनी तिन्ही पाकिटं साक्षीदारासमोर फोडली. कॉपी सम्राटची शेळी पुढे बघत होती, आणि तीही जरा रागाने. तो तिथेच बाद झाला. जुळ्या बहिणीची हुडी नमुन्याशी तंतोतंत जुळली. पाचवा पायसुद्धा तसाच अंग चोरून उभा. आईशप्पथवाल्याची हुडी हातात घेतल्यावर मात्र साहेबांचा हात तिच्यावरून फिरतच राहिला. कापड असं की सोडवेना. शिलाई सरळ, चेन लोण्यासारखी सरकणारी. आणि शेळीला पाय चार.

साहेबांनी लगेच फोन लावला. "महोदय, एक पाय कुठे गेला?"

पलीकडून आईशप्पथवाला म्हणाला, "साहेब, ती खरी आहे."

"म्हणजे?"

"शोरूममधून आणलीय. पाकिटाच्या तळाला बिल आहे, बघा. माझ्या कारागिराला तुमच्या अटी वाचून दाखवल्या तर तो काम सोडून गेला. आणि मला हे काम हातचं घालवायचं नव्हतं. नुकसान झालं तर झालं. तुमचं पत्र मी फ्रेम करून लावलंय, साहेब. आणि खऱ्या शेळीला चारच पाय असतात. तुमचा नमुना नकली आहे. मला मीटिंगमध्येच सांगायचं होतं, पण चारचौघांत तुम्हाला कसं बोलायचं?"

साहेबांनी कंपनीचं पान उघडून पाहिलं. चार. पाकिटात बिल होतं, तेही खरं. त्यांनी बिल घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, कागद ओढला आणि निकाल लिहायला घेतला. आईशप्पथ, अपात्र.

ठमी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "बाबा, अपात्र? ती खरी आहे."

"म्हणूनच. मागवली नक्कल, पाठवली अस्सल. ही शुद्ध फसवणूक आहे."

"नकलीच्या भावात खरी मिळतेय आणि तुम्ही ती परत पाठवणार?"

"त्या जुळ्या बहिणीने इमानेइतबारे पाच पाय भरले. तिच्यावर अन्याय कसा करू? मी उभ्या नोकरीत खोट्या कागदावर सही केली नाही, ठमे."

"कसली नोकरी? एक हुडी आणायचीय, बाबा," ठमीचा आवाज चिरकला. "माझ्या अंगावर कधी खरी वस्तू आलीय? सगळं कोणाचं तरी जुनं नाहीतर कशाची तरी कॉपी. आज आली, तर तुम्हाला ती चालत नाही."

साहेबांना हे लागलं. फार लागलं. पण त्यांनी निकालाखाली तारीख घातली.

सकाळी ते उठले तेव्हा ठमी कॅप्टनची हुडी घेऊन गेलेली होती. टेबलावर जुळ्या बहिणीची पाच पायांची शेळी तेवढी उरली होती.

"गेली ना खरी घालून," बायको म्हणाली. "बरं केलं तिने."

साहेबांना एकदम घाम फुटला. "अगं, बरं कसलं! ती कॅप्टन स्वतःच्या हुडीशी ताडून बघणार. तिच्या शेळीला पाच आहेत." बायकोने कपाळावर हात मारला, हुडी पिशवीत कोंबली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. साहेब कालचाच शर्ट चढवून, पायात चप्पल सरकवत धावत सुटले. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच धावत होते.

सभागृहामागच्या खोलीत आरसे, पिना आणि पावडरीचा पसारा होता. मुली रांगेत उभ्या होत्या आणि कॅप्टन एकेकीच्या शेळीवर बोट ठेवून तपासत होती. ठमी रांगेबाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या.

"चार पाय," कॅप्टन बाकीच्यांना सांगत होती. "माझ्या शेळीला बघा, पाच. हिच्याला चारच. नकली आणायची तर निदान पाय तरी मोजून आणायचे." मुली हसत होत्या. आपापल्या शेळ्यांवरून त्यांनी हात मात्र हलवले नव्हते.

"ही खरी आहे," ठमी म्हणाली, पण इतक्या हळू की तिलाच ऐकू आलं असेल.

कॅप्टनला साहेब दिसले. "बरं झालं आलात, काका. तुम्ही खरेदी खात्यात होतात ना? ही म्हणते, तुम्हाला खरं-खोटं बरोब्बर कळतं. मग तुम्हीच सांगा, कुठली खरी?"

साहेबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे बिल होतं. ते नुसतं उघडून दाखवलं असतं तर कॅप्टनचं, तिच्या मावशीचं आणि त्या पाच पायांचं पितळ तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. आणि मग कॅप्टनने काय केलं असतं? ठमीला ग्रुपमधून कायमचं काढलं असतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती. तिने बाटल्या छातीशी घट्ट धरल्या होत्या, त्यांच्याआड ती खरी शेळी लपली होती. बिलाला लागलेली बोटं साहेबांनी सोडवली आणि त्याच खिशातून चष्मा काढला.

चष्मा लावून ते वाकले. कॅप्टनच्या शेळीकडे बराच वेळ पाहिलं. मग ठमीच्या. त्यांची पाचावर धारण बसली होती, पण आवाज अगदी सरकारी निघाला.

"पाच पायांची खरी," ते म्हणाले. "चारची नकली आहे. चूक माझी. पाकिटांची अदलाबदल झाली." आणि त्यांनी पिशवीतून जुळ्या बहिणीची हुडी काढून पुढे केली.

कॅप्टनने बोट ठेवून पाय मोजले. "हां, ही बरोबर. बदल लवकर. दुसऱ्या ओळीत, कडेला उभी राहा."

ठमी जागची हलली नाही. ती बाबांकडे बघत होती. काल एका निकालापायी तिला रडवणारा हा माणूस आत्ता सगळ्यांसमोर, चष्मा लावून, धडधडीत खोटं बोलला होता. तिने बाटल्या खाली ठेवल्या आणि हुडी घेताना त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, कशाला बोललात?"

"नाव पुकारतील आता. जा."

साहेब प्रेक्षकांत जाऊन बसले. त्यांच्या मांडीवर खरी हुडी होती आणि कान गरम झाले होते. लाज वाटत होती, आणि ती लपवावी असंही त्यांना वाटत नव्हतं. फोन वाजला. आईशप्पथवाल्याचा संदेश होता, 'साहेब, निकाल काय लागला?' साहेबांनी जाड बोटांनी लिहिलं, 'आपला माल खरा असल्याने नाकारण्यात येत आहे.' ते पाठवायला त्यांचं बोट धजेना. मग खाली भर घातली, 'पण इतका सुंदर माल मी आजवर हाताळला नाही. महोदय, मला माफ करा,' आणि बटण दाबलं.

पडदा वर गेला. काळ्या हुड्यांच्या दोन ओळी माना खाली घालून उभ्या होत्या. दुसऱ्या ओळीत, कडेला, ठमी होती. साहेब ताडकन उठून टाळ्या वाजवायला लागले. गाणं अजून सुरूही झालं नव्हतं. मागच्याने सांगितलं, "काका, खाली बसा." पण साहेब काही बसले नाहीत.