सेठजींचा शब्द

खापर गावच्या व्यापारी मंडळात मतभेद म्हणून कधी झालेच नाहीत. वयानं मोठा तो आधी बोलणार आणि बाकीचे त्याच्या होला हो मिळवणार, हा रिवाज. कित्येक वर्षं आधी बोलायचे ते सुमेरमल सेठ. आपलं सगळ्यांना पटतं असं त्यांना वाटे. वाटणारच, कुणी कधी नाही म्हटलंच नव्हतं.

म्हातारपणी मात्र त्यांना लोकांचं खरं मत ऐकायची हुक्की आली. मंडळातच असलेला मुलगा पारस मोबाइलवरचं एक अ‍ॅप सुचवत होता. चर्चेआधीच ज्यानं त्यानं मत द्यायचं, नाव कुणाचंच दिसत नाही, त्यामुळे कुणाची भीड आड येत नाही. सेठ म्हणाले, "आणा तेच."

आणि नेमका पहिलाच विषय निघाला पाणपोईचा. गाड्या लावायला जागा हवी, तर चौकातली पाणपोई काढायची का? ती सेठांच्या बायकोनं, धापूबाईंनी सुरू केलेली. त्या गेल्यापासून माठ सेठच भरत. बाजाराला डोंगरातून उतरलेली माणसं पाणी पीत, दोन शब्द बोलत. सेठांशी बोलणारं आता तेवढंच कुणी उरलं होतं. घरी ज्याचं डोकं त्याच्या मोबाइलमध्ये. पाणपोई गेली तर आपण दिवसभर करायचं काय, हा विचार त्यांना सोडत नव्हता.

पण सेठ पडले न्यायाचे! आपली भीड कुणाला पडू नये म्हणून बैठकीत आधी उठून म्हणाले, "मन्हं काहीच म्हननं नही. पानपोई गयी तरी चाली. तुमले वाटी तसं करा."

सगळ्यांनी खाली मान घालून बोटं चालवली. सेठांनीही गुपचूप 'राहू द्या' दाबलं.

भिंतीवरच्या टीव्हीवर निकाल आला. 'राहू द्या' एक. बाकी झाडून सगळी मतं 'काढा'.

सेठांनी मुलाकडे पाहिलं. पारससुद्धा? तेवढ्यात कापडवाले दोधू तात्या भडकले, "सेठजीसना शब्द मोडनारा हाऊ कोन शे?" सगळे एकमेकांकडे संशयानं पाहू लागले. सेठ कसंनुसं हसले. आता कोणत्या तोंडानं सांगणार?

जेवताना पारस म्हणाला, "बापूजी, मला तर पाणपोई ठेवायचीच होती. पण गेली तरी चालेल असं तुम्हीच म्हणालात, मग तुमच्या शब्दाबाहेर कसा जाऊ? तो एक कोण, उद्या शोधून काढतो."

सेठांचा घास हातातच राहिला.

"नको," ते म्हणाले. "त्याला आधीच फार एकटं वाटत असेल."

पारस लगेच "बरं" म्हणाला.