क्रियाविशेषणाचा गुरुवार

चाकणच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून विजयश्रीबाईंचा इंग्रजीचा क्लासही गुरुवारी. चिखलीतल्या त्यांच्या दाराशी एकेकाळी चपलांचा ढीग पडायचा. मग मोबाइलवर फुकट इंग्रजी मिळू लागलं आणि पोरं पांगली. उरला एकटा रोहिदास, बीडचा, चाळिशीचा मशिन ऑपरेटर. नवरा गेल्यापासून बाईंशी आठवड्यात धड बोलणारा माणूसही तेवढाच. बाकीचे दिवस टीव्ही बोलायचा आणि त्या ऐकायच्या.

रोहिदासची उद्या सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत होती. निवड झाली तर कंपनी त्याला चेन्नईच्या प्लांटला पाठवणार.

"मॅडम, जाऊ का उद्या? का पुढल्या वर्षीच्या बॅचला बघू? मला काय कळतंय, तुम्ही म्हणताल तसं."

बाईंनी उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं: कच्चे आहात, थांबा. अगदीच खोटं नव्हतं ते. अ‍ॅडव्हर्ब आलं की गडी अजून अडखळायचा. माणूस एकटा पडला की असली वकिली बरोबर सुचते.

"आधी धडा," त्या म्हणाल्या. "काय केलं ते क्रियापद सांगतं. कसं केलं ते अ‍ॅडव्हर्ब, म्हणजे आपलं क्रियाविशेषण. पुस्तकातलं नको, स्वतः पाहिलेलं सांगा."

रोहिदासनं डोकं खाजवलं. "मशिन रन्स स्मूदली." मग म्हणाला, "माय वाइफ स्पीक्स लाउडली."

बाईंना हसू आलं. "अजून एक."

तो जरा घुटमळला. "मॅडम ओपन्स द डोअर क्विकली."

"म्हणजे?"

"बेल दाबायच्या आत उघडता की तुम्ही. जिन्यात पाय वाजला की कडी निघतीच. कवापासून वाट बघत बसल्यासारखी. चुकलं का काय?"

बाईंचा चेहराच उतरला. आपण जे जगापासून झाकून ठेवलं, ते हा माणूस दर गुरुवारी बघत होता आणि तरीही सुट्टीची झोप मोडून येत होता. अशा माणसाचं आपण वर्ष खायला निघालो होतो! त्यांना स्वतःची लाज वाटली, रडूही आलं.

"वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उद्याच जा. नक्की होईल तुमचं."

"मग पुढल्या गुरुवारी येतो, काय झालं ते सांगायला."

"पुढच्या गुरुवारी मला जमायचं नाही," बाई म्हणाल्या. तो आला असता, तर 'चेन्नईला जाऊ नका' असं त्यांच्या तोंडून निघालंच असतं.